बटणांच्या डब्यातल्या शंभर चिठ्ठ्या

"मॅडम, ह्यात काय लिवायचं असतं?"

मावशींनी काउंटरवर एक वही ठेवली. जाड पुठ्ठा, सोनेरी कडा, आत गुळगुळीत कागद. पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीनं वाढदिवसाला पाठवलेली. प्रत्येक पानावर वर एक छापील प्रश्न आणि खाली बारा रेघा. 'आज तुम्ही कोणत्या तीन गोष्टींसाठी कृतज्ञ आहात?' 'तुमच्या आतल्या लहान मुलाला तुम्ही काय सांगाल?' 'पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' अक्षरं मराठी होती, पण प्रश्न विचारणारा माणूस मराठी नव्हता.

मावशींनी अकरा पानं भरली होती. पहिल्या पानावर, 'देवाच्या कृपेने सर्व ठीक आहे.' दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यापासून पुढं सगळीकडं एकच शब्द: 'वरीलप्रमाणे.'

मी हसले तशा त्याही हसल्या, पण जरा ओशाळून. लेक फोनवर रोज विचारते, लिहिलंस का म्हणून. आपल्याला काही सुचत नाही, आपण नववी पास, असं त्यांचं म्हणणं.

हे प्रकरण त्यांचं आहे. त्यांच्या परवानगीनं लिहितेय. नाव घालायचं नाही एवढी एकच अट त्यांची. वय ५७. कोल्हापुरात शाहूपुरीत एक गाळा, त्यात दोन मशिनी, एक साधी आणि एक पिको-फॉलची. काम फक्त ब्लाऊजचं. मी एका हायस्कुलात मराठी शिकवते. माझी ब्लाऊजं त्यांच्याकडं, आणि आई होती तोवर तिचीही त्यांच्याकडंच.

मापवही

त्या दिवशी मी विचारलं, "एरवी काहीच लिहीत नाही का तुम्ही?" "न्हाई ओ," म्हणाल्या, आणि हे म्हणत असतानाच त्या लिहीत होत्या. समोर एक बाई हात वर करून उभी होती, मावशींच्या गळ्यात टेप होता आणि लांब दोनशे पानी वहीत त्या तिची उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, दंड, पुढचा गळा, मागचा गळा अशी मापं उतरवत होत्या. 'उं. १४॥, छा. ३६, कं. ३२, मुं. १६, बा. १०, दं. ११॥, पु.ग. ७, मा.ग. ९.' बाई गेल्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात आणखी एक ओळ: 'डावा खांदा उतरता.'

मी वही मागून घेतली आणि मागची पानं उलटली. आकड्यांच्या कडेला असल्या ओळी जागोजाग होत्या. 'सासूबाईंच्या पसंतीचा गळा, पोरगीला न्हाई आवडला.' 'सोमवारी पायजे, बारसं.' 'मागचं माप धरू नये, बाळंत झाली.' 'माया जास्त सोडणे, वाढणार.' शिवणकामात कापड कापताना शिलाईच्या बाहेर जे जादा कापड राखतात त्याला माया म्हणतात. ब्लाऊजच्या बाजूला इंच-दीड इंच माया असली की पुढं अंग भरलं तर उसवून सैल करता येतं.

मला तिथंच कळलं की ह्या बाई कैक वर्षं रोज लिहीत आल्यात. सोनेरी कडांच्या वहीनं त्यांना गप्प केलं, कारण ती निष्कर्ष मागत होती. कृतज्ञ आहात का, समाधानी आहात का, कुठं पोचायचंय? अशा प्रश्नाला मराठी बाई जे उत्तर कुणाही पाहुण्याला देते तेच त्यांनी दिलं. देवाची कृपा आहे. मापवही त्यांना कधी असं विचारत नाही. तिला फक्त खांदा उतरता आहे का एवढं सांगायचं असतं.

तर ठरवलं असं. १० जून २०२४, सोमवारपासून शंभर दिवस. कॅलेंडर मोजलं तर शंभरावा दिवस १७ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला येत होता. मावशींना ते आवडलं, गणपतीबरोबर ही पण ब्याद विसर्जित होईल म्हणाल्या. मी चिठ्ठ्या लिहायच्या, घड्या घालून त्यांच्या बटणांच्या डब्यात टाकायच्या. डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, आत हुक, काजबटणं, टिचबटणं, सुट्टे मणी. सकाळी शटर उघडलं की त्या देवाच्या फोटोपुढं उदबत्ती लावतात. ती लावली की चिठ्ठी काढायची, आणि उदबत्ती विझली की पेन खाली. घड्याळ लावण्यापेक्षा हे बरं. उदबत्तीकडं बघून कुणाला उशीर झाल्यासारखं वाटत नाही.

चिठ्ठी देऊन लिहायला लावणं

आजकाल ह्याला प्रॉम्प्ट म्हणतात. मोबाइलवर रोज सकाळी येतात, वह्यांवर छापलेले असतात. पण कुणीतरी धागा द्यायचा आणि दुसऱ्यानं विणायचं हे आपल्याकडं फार जुनं. संस्कृत पंडितांच्या सभेत समस्यापूर्ती चालायची, श्लोकाचा एकच चरण द्यायचा आणि उरलेले कवीनं जुळवायचे. कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर कवनातून कोडी घालायचे, समोरच्या फडानं कवनातूनच सोडवायची. जात्यावर बसलेल्या बाईला 'पहिली माझी ओवी' एवढं म्हटलं की पुढची ओळ आपोआप सुटते, पहिली देवाला, दुसरी आईबापाला, तिसरी भावाला. नव्या सुनेला उखाणा घ्यायला लावतात तेव्हा तिला विषय मिळतो एक नाव आणि एक यमक, बाकी तिचं तिनं बघायचं.

आणि आम्हा मास्तर लोकांचे निबंध आहेतच. 'शाळेची घंटा बोलू लागली तर', 'मी पाहिलेली जत्रा', 'पुराचे आत्मवृत्त'. गेली वीस वर्षं मी हे विषय फळ्यावर लिहितेय आणि वीस वर्षं प्रत्येक वर्गात निम्म्या मुलांची जत्रा एकसारखी असते. पाळणे, जिलेबी, गर्दी, शेवटी 'ती जत्रा मी कधीच विसरणार नाही.' दोष मुलांचा नाही. विषय एवढा रुंद असतो की मूल भिंतीला धरून चालतं. ओवीत आणि उखाण्यात जागा अरुंद असते, म्हणून तिथं माणूस आपल्या घरातलं काहीतरी आणतो.

हे सगळं मला माहीत होतं, तरी पहिल्या आठवड्याच्या चिठ्ठ्या मी निबंधाच्या वळणानंच लिहिल्या. सवय जात नाही. 'पाऊस.' 'माझं माहेर.' 'एक आनंदाचा क्षण.' मावशींनी लिहिलेलंही त्याच वळणाचं. 'पाऊस हा सर्वांना आवडतो. पावसामुळे धरती हिरवीगार होते.' रविवारी मी वही वाचायला घेतली आणि मला माझाच वर्ग आठवला.

दुसऱ्या आठवड्यात सगळ्या चिठ्ठ्या काढून घेतल्या आणि नव्या टाकल्या. ह्या वेळी मी दुकानात बसून, डोळ्यांसमोर दिसेल त्यावरून लिहिल्या. 'मापवहीतलं कुठलंही पान उघडा. त्या बाईच्या हातात काय होतं?' 'कुणी न नेलेला कपडा.' 'उसवून परत शिवलेलं एक काम.' 'गिऱ्हाईक म्हणालं ते एक वाक्य, जसंच्या तसं.' 'कात्री कुठून आणली?' 'आज दुकानात शिरलेला पहिला वास.' एका चिठ्ठीत एकच गोष्ट, आणि ती गोष्ट अशी की तिला हात लावता येईल, नाहीतर मोजता येईल, किंवा ऐकू तरी येईल. मन, भावना, आठवण, स्वप्न हे शब्द चिठ्ठीत येऊ द्यायचे नाहीत असं मी स्वतःला बजावलं. यायचं असेल तर ते पाठीमागून येतंच.

'म्हणालो'

बाराव्या दिवशी, २१ जूनला, 'कुणी न नेलेला कपडा' ही चिठ्ठी निघाली. त्यावर मावशींनी दीड पान लिहिलं. इरकल खणाचं हिरवं ब्लाऊज, चार वर्षं कपाटात पडून. गिऱ्हाईक नवऱ्याच्या बदलीबरोबर गेलं, फोन लागत नाही. दर दिवाळीला आवरताना ते बाहेर निघतं आणि परत आत जातं. मधेच एक वाक्य होतं: 'शेजारची म्हणाली इकून टाक की, मी म्हणालो नको, माणूस परत येतं.' त्यातल्या 'म्हणालो'वर काट मारून वर 'म्हणाले' केलं होतं.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगावं लागेल. कोल्हापुरात बाई 'मी आलो', 'मी जातो', 'मी जेवलो' असंच बोलते. पुण्याहून आलेली माणसं ऐकून दचकतात, काहीजण हसतात. आमच्या घरांत, गल्लीत, बाजारात मात्र हे रोजचं आहे. मी स्वतः वर्गात 'आले' म्हणते आणि शाळेचं फाटक ओलांडलं की 'आलो'. हा लेखही मी 'हसले', 'गेले' असाच लिहितेय, हे माझ्या लक्षात आहे.

मावशींना विचारलं, खोडलं का? "तुमी वाचणार म्हणून. वहीत असं चालत न्हाई न्हवं?"

मी सांगितलं की चालतं. त्यांना पटलं नाही. मग मापवही दाखवली, तिथं तुम्ही 'पोरगीला न्हाई आवडला' असं लिहिलंय, ते कुठं खोडलंय? "ते माझ्यापुरतं हाय."

म्हणजे मीच आड येत होते. दर रविवारी मास्तरीण वही वाचते म्हटल्यावर बाई मास्तरणीसाठी लिहिणार. ३० जूनच्या रविवारी, एकविसाव्या दिवशी, मी वाचणं बंद केलं. त्यांना वाटेल तेव्हा वाटेल ते पान त्या दाखवतील, एरवी वही त्यांच्या कपाटात. त्यामुळं इथून पुढची माझी माहिती तुटक आहे. अभ्यास म्हणून हे वाईट, पण लिखाण म्हणून चांगलं झालं असं मला वाटतं. जुलैच्या मध्यावर त्यांनी एक पान दाखवलं, त्यात 'मी बसलो', 'मी कापलो न्हाई', 'मी गप बसलो' सगळं होतं, एकही काट नव्हती. आणि वाक्यं लांब झाली होती. पुस्तकी मराठीत त्या सहा शब्दांवर थांबत. बोलीत त्यांचा श्वास लांब आहे.

पाण्याची चिठ्ठी

आता माझी चूक.

जूनमध्ये घातलेल्या चिठ्ठ्यांत एक होती: 'पाणी.' पहिल्या, निबंधी हप्त्यातली. सगळ्या काढल्या असं मला वाटलं होतं, पण ही हुकांच्या खाली राहिली असणार.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागून राहिला. अशा दिवसांत कोल्हापुरात माणसं भेटली की एकमेकांना "किती फूट?" असं विचारतात. कशाचे फूट ते कुणी सांगत नाही. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ ही धोक्याची. त्या आठवड्यात ती ओलांडली गेली. शाहूपुरीच्या सखल भागातल्या माणसांना हा आकडा रक्तदाबासारखा असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये व्हीनस कॉर्नरला होड्या चालल्या, पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता, कुंभार गल्लीत गणपतीच्या तयार होत आलेल्या मूर्ती पाण्यात गेल्या. मावशींच्या गाळ्यातही पाणी शिरलं होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा. २०१९ च्या आधीच्या सगळ्या मापवह्या त्या पहिल्या पुरात गेल्या. हे मला माहीत होतं. तरी 'पाणी' लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर नळ, घागर, कळशी असलं काहीतरी होतं.

पंचेचाळीस दिवस ती चिठ्ठी डब्यात गप पडून राहिली. २५ जुलैला नेमकी ती हाताला लागली. मावशींनी एक ओळ लिहिली: 'पाणी आलं की पयली मिशनीची मोटर सोडवायची.' पुढं काही नाही. त्यानंतर आठ दिवस वही उघडली गेली नाही.

मी दुकानात दोनदा गेले. बाकी सगळं नेहमीसारखं होतं, मशिनी विटांवर चढवल्या होत्या, मापवह्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर. डबा मात्र काउंटरवर नव्हता. मी विचारलं नाही.

लिहून मन हलकं होतं असं सरसकट म्हणतात, मीही म्हणत आले. ज्या अभ्यासावरून हे पसरलं तो नीट वाचला तर चित्र जरा वेगळं दिसतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये तो प्रसिद्ध केला. कॉलेजच्या ४६ विद्यार्थ्यांना त्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना साधे विषय दिले, काहींना आयुष्यातल्या क्लेशकारक घटनेवर लिहायला सांगितलं. दुसऱ्या गटातल्या मुलांना लिहून झाल्या झाल्या जास्त वाईट वाटलं आणि रक्तदाबही चढला. पुढच्या सहा महिन्यांत मात्र, घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणजे आधी दुखतं. शिवाय त्या मुलांना आपण कशावर लिहायला बसतोय हे आधीच सांगितलेलं होतं, आणि कुठली घटना निवडायची हे त्यांच्या हातात होतं. मावशींच्या हातात ती गोष्ट सकाळी सात वाजता डब्यातून आली, बाहेर पाणी चढत असताना.

३ ऑगस्टला पाणी उतरत असताना त्यांनी डबा परत काढला. मला म्हणाल्या, "पाण्याची चिठ्ठी परत टाकू नका मॅडम. मला लिवायचं झालं तर मी लिवतो. चिठ्ठीनं नको."

तेव्हापासून नियम असा झाला की नको ती चिठ्ठी परत डब्यात टाकून दुसरी काढायची, कारण सांगायचं नाही. हा नियम पहिल्याच दिवशी हवा होता. साधी गोष्ट, पण मला सुचली नाही, कारण परीक्षेत विषय बदलून मिळत नाही हे डोक्यात बसलेलं.

टिचबटण

८ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारलेलं, खासबाग मैदानाला लागून असलेलं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. त्या रात्री कोल्हापुरात फारसं कुणी झोपलं नसेल. माणसं रस्त्यावर उभी राहून रडताना मी पाहिली, त्यात नाटकाशी काडीचा संबंध नसलेलीही होती.

९ ऑगस्टला नागपंचमीही होती. त्या दिवशी कापायचं, चिरायचं नाही, म्हणून मावशी कात्रीला हात लावत नाहीत आणि दुकानात नुसत्या हेमिंग करत, हुक लावत बसतात. चिठ्ठी निघाली: 'डब्यातलं एक बटण काढा. ते कशाचं?' त्यांनी जे लिहिलं ते खाली देतेय. विरामचिन्हं तेवढी माझी.

'टिचबटण निघालं. आज नागपंचमी, कात्री बंद. काल रात्री लेकीचा पुण्याहून फोन, आई नाट्यगृह पेटलंय. मी म्हणालो कुठलं. ती म्हणाली केशवराव. मी गच्चीवर गेलो, धूर दिसला. मग खाली येऊन बसलो, झोप न्हाई. लेक चौथीत होती तवा एका हौशी नाटकाचे कपडे शिवले होते. स्पर्धेचं नाटक. त्यात एक बाई होती, तिनं अंधारात लाल ब्लाऊज काढून पांढरं घालायचं. दिवे जाऊन यायच्या आत. हुक लावत बसली तर दिवे येतील. मी पाठीला टिचबटणं लावली, सहा. त्या दिवशी मला आत थांबवून घेतलं, काय उसवलं तर म्हणून. मी विंगेत थांबलो. सुईदोरा हातात. दिवे गेले. अंधारात मला आवाज आले, टिच टिच टिच टिच टिच टिच. सहा मोजले. मग दिवे आले. टाळ्या तिला पडल्या. नाटक कसलं होतं आता आठवत न्हाई. ती विंग जळाली असंल.'

त्या आठवड्यात नाट्यगृहाबद्दल मी बरंच वाचलं. बहुतेकांनी 'कोल्हापूरचं वैभव', 'रंगभूमीचा वारसा' असं लिहिलं होतं, आणि ते खरंही आहे. पण मला सहा बटणांचा आवाज राहिला. समजा, मी त्या दिवशी चिठ्ठी लिहून पाठवली असती, तर मी नक्की 'नाट्यगृहाची आठवण' असं लिहिलं असतं आणि मावशींनी नक्की 'नाट्यगृह हे कोल्हापूरचे भूषण आहे' असं उत्तर दिलं असतं.

माया

ऑगस्टच्या शेवटी त्यांनी स्वतःहून एक युक्ती काढली होती ती मला उशिरा दिसली. पानाच्या उजव्या बाजूला दोन बोटं जागा कोरी सोडून त्या लिहीत होत्या. मला वाटलं समास. म्हणाल्या, "माया सोडलीय."

पुढं कधी जुनं पान उघडलं आणि काही आठवलं तर त्या कडेच्या जागेत भरायचं. टिचबटणाच्या पानावर कडेला नंतर आलं होतं, 'त्या बाईचं माप छा. ३४.' इरकलीच्या पानावर, 'गिऱ्हाईकाचा मुलगा भेटला, महाद्वार रोडला. बाई बऱ्या हायत. ब्लाऊज ठेवा म्हणाल्या.' चिठ्ठीवर लिहिणाऱ्या बहुतेकांची गोची ही की आज लिहिलं, उद्या नवी चिठ्ठी, कालचं पान मेलं. शंभर दिवसांत शंभर सुरुवाती होतात आणि पुढं काही जात नाही. मी स्वतः असल्या दोन वह्या भरून टाकून दिल्यात. मावशींच्या वहीतली काही पानं तीन-तीनदा रुंद झाली. मी हे त्यांना शिकवलेलं नाही, आणि मला ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

गौरी-गणपतीच्या आधी मात्र सगळं कोसळलं. ७ सप्टेंबरला गणपती, दहाला गौरी येणार, आणि प्रत्येक बाईला नवं ब्लाऊज आदल्या दिवशी हवं. मावशी रात्री दोनपर्यंत मशीनवर. आठ दिवस चिठ्ठी काढलीच नाही. वहीत नुसते आकडे: '९. पिको १४.' '११. पिको ६. पाठ धरली.' मोबाइलवरची ॲपं अशा वेळी तुमची साखळी तुटली म्हणून सांगतात आणि माणूस वही मिटतो ती कायमची. मी ते आकडे लिखाणातच धरले. 'पाठ धरली' हे दोन शब्द कुणी न विचारता आलेले आहेत.

हिशोब सांगायचा तर शंभरपैकी ७७ दिवस काही ना काही लिहिलं गेलं. त्यात ६९ चिठ्ठ्यांवर, ८ दिवस आकडे. २३ दिवस कोरे. डब्यात ३१ चिठ्ठ्या उरल्या.

ह्यावरून सगळ्यांनी बटणांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकाव्यात असं मी म्हणणार नाही. ही एक बाई, तीही आधीपासून रोज लिहिणारी. मी तिचं गिऱ्हाईक, वर मास्तरीण, त्यामुळं तिनं किती माझ्या भिडेखातर लिहिलं हे मला वेगळं काढता येत नाही. हाच डाव मी पुढं आमच्या नववीच्या वर्गात करून बघितला, वस्तू दप्तरातली घ्यायची असं सांगून. चार मुलांनी फार सुंदर लिहिलं, बाकीच्यांनी एकमेकांच्या कंपासपेटीबद्दल टवाळक्या लिहिल्या. त्या टवाळक्या 'मी पाहिलेल्या जत्रे'पेक्षा वाचायला बऱ्या होत्या एवढं खरं. सोनेरी कडांची वही आता मावशींच्या देवघरात आहे, तिच्यात त्या दुधाचा हिशोब लिहितात. लेकीला सांगितलेलं नाही.

१८ सप्टेंबर

अनंत चतुर्दशीची मिरवणूक आमच्याकडं दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. बुधवारी दुपारी मी दुकानात गेले तेव्हा लांबून ढोल अजून ऐकू येत होते. वहीतली काही पानं उतरवून घ्यायची होती. मावशी काजं करत होत्या.

"मॅडम, डब्यात हात घाला."

मी म्हटलं, शंभर दिवस झाले की.

"तुमचे कुठं झालेत?"

मी हसत चिठ्ठी काढली. अक्षर मावशींचं. 'उं. १३॥, छा. ३२, कं. ३०, मुं. १४॥.' खाली, 'पयलं ३६. लई उतरल्या. हुक पुढं पायजेत, हात मागं जात न्हाई.' आणि तारीख, फेब्रुवारी २०२२ ची.

मी ते माप ओळखलं. मीच तेव्हा रिक्षानं तिला इथं आणलं होतं, घरी आजारपणाचं वाटू नये म्हणून नवं ब्लाऊज शिवू असं म्हणून. मार्चमध्ये आई गेली.

मावशींनी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं आणि काउंटरवर ठेवलं. उघडलं नाही. मापवहीच्या मागून चार कोरी पानं फाडून माझ्यापुढं सरकवली, पेन ठेवलं.

"उदबत्ती लावू?"

मी मान हलवली. त्या परत काजं करायला बसल्या, पाठ माझ्याकडं करून. बराच वेळ मी नुसती पुडक्याच्या सुतळीकडं बघत राहिले. मग पहिली ओळ लिहिली, 'मी न्यायला आले नाही.' 'आले'वर काट मारली आणि वर 'आलो' लिहिलं.